बाप जपानात, लेकरं कड्यात

कडा स्टेशनवर उतरा. नगर ते आष्टी ही रेल्वे २३ सप्टेंबर २०२२ ला सुरू झाली आणि १७ सप्टेंबर २०२५ ला गाडी थेट बीडपर्यंत गेली. आता गावाकडे चालायला लागा आणि चालता चालता एकेक गोष्ट पुसत जा. पहिल्यांदा रूळ, मग मोबाइलचे मनोरे, मग विजेचे खांब, शेवटी डांबर. पायाखाली नुसती धुळीची गाडीवाट उरली की थांबा. साल १९४६ आहे, भादवा लागलाय, आणि तुम्ही निजामाच्या राज्यात आहात. इंग्रजांचा नगर जिल्हा बैलगाडीनं अर्ध्या दिवसावर. आगगाडी बघायची तर नगरलाच जावं लागतं, म्हणजे सुमारे तीस मैल.

ज्या घरात तुम्ही शिरताय ते मी रचलेलं आहे. त्याभोवतीची पलटण, नाणी, नाके आणि तारखा मात्र खऱ्या आहेत. या घरातली धाकटी सून तुम्ही आहात. पुरुष वाचकांनीही डोक्यावर पदर घ्यावा, इलाज नाही.

तुम्ही बाजेवर आहात. मुलगा होऊन आठवा दिवस. बाजेखाली शेगडीत ओवा आणि शेपा टाकून आत्याबाईंनी धुरी केली आहे, डोळे चुरचुरतात. बाळाच्या टाळूवर तेल थापलंय, डोक्याला कुंची, कपाळाच्या कडेला काजळाची तीट. चार वर्षांची लेक उंबऱ्यातून विचारते, "ह्याचा बाप बी तोच का, फोटूतला?" फोटो भिंतीवर खुंटीला टांगलेला आहे. बूट, पट्ट्या, हातात बंदूक. लेकीला बाप म्हणजे तो फोटो. मागच्या हिवाळ्यात तो इटलीहून परतून रजेवर आला होता, तेव्हा ती त्याच्याजवळ गेलीच नाही. ओळख पटेपर्यंत रजा संपली.

नवरा पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये, म्हणजे जंगी पलटणीत. याच पलटणीतल्या नामदेव जाधव या शिपायानं ९ एप्रिल १९४५ ला इटलीत सेनिओ नदीवर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. तो नगर जिल्ह्यातल्या निमजचा. म्हणजे तुमच्या शेजारच्याच जिल्ह्यातला. युद्ध संपलं तेव्हा तुम्हाला वाटलं, आता माणूस घरी राहील. पण हरलेल्या जपानवर पहारा ठेवायला ब्रिटिश राष्ट्रकुलाची फौज निघाली. तिच्यात ब्रिटिश आणि हिंदी पलटणींची मिळून एक डिव्हिजन होती आणि त्या डिव्हिजनच्या २६८ व्या ब्रिगेडमध्ये जंगी पलटण. ब्रिगेडचा प्रमुख ब्रिगेडियर थिमय्या, पुढे भारताचा लष्करप्रमुख झालेला. १९४६ च्या वसंतात या पलटणी हिरोशिमाजवळच्या कुरे बंदरात उतरल्या. डिव्हिजनचं मुख्यालय ओकायामात बसलं आणि शिमाने, तोत्तोरी, शिकोकू असा मुलूख तिच्याकडे आला.

यातलं तुम्हाला काहीही ठाऊक नाही. तुमच्या लेखी तो 'तिकडं' आहे. इटलीत होता तेव्हाही तिकडंच होता.

महिन्याचा खरा सण मनीऑर्डरीचा. ती येते मामंजींच्या नावावर. अंगठा तेच उठवतात, पैसे कनवटीला तेच लावतात. त्यातून तुमच्या हातात किती पडेल हे त्या दिवशी थोरल्या जावेशी तुमचं कसं आहे यावर ठरतं. त्यात आणखी गुंता असा की पलटणीचा पगार इंग्रजांच्या कलदार रुपयांत आणि कड्याचा बाजार निजामाच्या हाली सिक्क्यात. सहा कलदारांना सात हाली हा हिशेब. वीस कलदार आले तर तेवीस रुपये पाच आणे चार पै व्हायला हवेत. वाणी मोजताना आणे-पै गिळतो आणि तुम्हाला ते कळतं, कारण शाळेचं तोंड न बघताही हे एक त्रैराशिक तुम्ही पाठ केलं आहे. लेक दोन्ही नाणी घेऊन खेळते. एकावर राजाचं तोंड, एकावर चारमिनार. तिला चारमिनारचं आवडतं.

पैसा असूनही घरात चणचण आहेच. १९४३ पासून निजाम सरकारची लेव्ही चालू आहे. पिकलेल्या ज्वारीतला ठरलेला वाटा सरकारी भावानं घालायचा, मग पोटाला कमी पडो. कापड आणि रॉकेल मोजून मिळतं. म्हणून चिमणी लवकर फुंकायची आणि बाळाची आंगडी जुन्या धोतराची शिवायची. ते एक बरं, जुनं धोतर मऊ असतं. दीड महिन्याचा झाला की पोराला पाठीशी बांधून तुम्ही रानात जाता. बाभळीला झोळी बांधता, शेजारी लेकीला बसवता आणि सांगता, मुंग्या बघ, रडला तर झोका दे. चार वर्षांच्या पोरीवर तान्हं सोपवून खुरपायला बसणं हे त्या काळात कुणाला निर्दयपणाचं वाटत नाही. तुम्हाला वाटतं, पण बोलायचं कुणाजवळ?

पत्र हा एक रस्ता होता. तो कसा होता ते नीट बघा.

पत्र आलं की मास्तर ओट्यावर बसतात. भोवती मामंजी, आत्याबाई, जाऊ, शेजारचे दोघे. तुम्ही दाराआड. मास्तर मोठ्यानं वाचतात. तीर्थरूपांना साष्टांग नमस्कार, आम्ही येथे खुशाल, बैलजोडीची काळजी घेणे, लेव्ही घातली का ते कळवणे. सगळ्यात शेवटी एक ओळ: लहानांस आशीर्वाद. त्या लहानांत तुम्ही धरलेल्या आहात की नाही हे ओळखायला मार्ग नाही. उत्तरही ओट्यावरच लिहिलं जातं. मामंजी सांगतात, मास्तर लिहितात, आणि संपत आलं की आत्याबाई दाराकडे मान वळवून म्हणतात, "तुला काय सांगायचंय का गं?" एवढ्या माणसांदेखत नवऱ्याला काय सांगाल? "लेकरं खुशाल हैत म्हणावं." बस्स, एवढंच. पोरगा झाल्याची बातमीही अशीच गेली आणि नाव काय ठेवायचं हे विचारून उत्तर येईपर्यंत बारसं होऊन गेलं.

इतिहासकारांना सैनिकांची पत्रं फार आवडतात. ती वाचून घरची हकिकत कळते असं त्यांना वाटतं. मला तसं वाटत नाही. अशा पत्रात मावतं ते फक्त ओट्यावर सांगण्याजोगं, आणि घर चालत होतं ते न सांगितलेल्या गोष्टींवर.

पौषातली ही रात्र घ्या. दोन्ही लेकरांना गोवर आलाय. अंगणात कडुलिंबाचे डहाळे, दारात परक्या बाईला बंदी, मनुकांचं पाणी चमच्यानं पाजणं चालू आहे. तान्ह्याचा ताप उतरत नाही. आत्याबाई मढीच्या कानोबाला नवस बोलतात: पोरगं वाचलं तर होळीनंतरच्या यात्रेला रेवड्या वाटीन. आष्टीला दवाखाना आहे म्हणतात, पण रात्री गाडी जुंपायची तर थोरल्या दिरानं हो म्हणायला हवं. तुम्ही पोराला छातीशी धरून सकाळ करता. सकाळी ताप उतरलेला असतो. पत्रात काय गेलं? लेकरं खुशाल.

तिकडूनही तेच. २१ डिसेंबर १९४६ च्या पहाटे शिकोकू आणि आसपासचा मुलूख मोठ्या भूकंपानं हादरला. हजाराच्या वर माणसं मेली, किनाऱ्यावर समुद्र चढून आला. नवऱ्याच्या डिव्हिजनचा ताबा होता त्याच भागाला हा तडाखा. त्याआधी, त्याच वर्षी, कॉलऱ्याची साथ आली होती आणि कोरियातून चोरून येणाऱ्या होड्या अडवायला शिपाई किनाऱ्यावर गस्त घालत होते. बेचिराख हिरोशिमा शेजारच्याच प्रांतात. जपानी माणसांत मिसळू नका असा फौजेचा हुकूम, आणि रस्त्यात भुकेली जपानी लेकरं. आपली लेक असेल तेवढ्या वयाचं पोरगं हात पसरून समोर उभं राहिलं, तर कड्याच्या शिपायानं त्याला काय दिलं असेल? ते ओट्यावर वाचण्यातलं नव्हतं. तिकडूनही आलं, आम्ही खुशाल.

आता क्षणभर पदर खाली ठेवा आणि त्याच जपानात चला. १९४६ च्या उन्हाळ्यापासून अमेरिकी सैनिकांच्या बायकापोरांची जहाजं तिथं लागू लागली. तोक्योत जुन्या कवायतीच्या मैदानावर वॉशिंग्टन हाइट्स नावाची आठशेंहून अधिक घरांची वसाहत उभी राहिली. कुरेजवळ ऑस्ट्रेलियन कुटुंबांसाठी निजिमुरा नावाचं नवं गावच बांधलं. १९४७ मध्ये तिथं मुलं खेळायला लागली. घरात जपानी आया, शाळा, दुकान, दवाखाना आणि संध्याकाळी घरी येणारा बाप. राष्ट्रकुलाचा झेंडा तोच, पहारा तोच. मराठा शिपायाच्या बायकोला मात्र त्या गावात खोली नव्हती. तिच्या वाट्याला मनीऑर्डर आणि बाभळीची झोळी. जपानातल्या सैनिकी कुटुंबांच्या आठवणी आज छापील मिळतात त्या निजिमुराकडच्या. कड्यासारख्या गावांकडच्या फारशा कुणी लिहून घेतल्या नाहीत, आणि हा निव्वळ आळस आहे.

परत या. १५ ऑगस्ट १९४७. नगरात तिरंगा चढला आणि कड्यात नाही, कारण निजामानं भारतात यायला नकार दिला. आता तुमचा नवरा स्वतंत्र भारताच्या फौजेत आणि तुम्ही, लेकरांसकट, दुसऱ्याच्या राज्यात. ते साल संपायच्या आत हिंदी पलटणी जपानातून परतल्या. रजा मिळते. तो नगरला उतरतो आणि गाडीवाटेनं निघतो. ट्रंकेत रेशमाचं कापड आणि लेकीसाठी बाहुली. सरहद्दीवर निजामाचा करोडगिरी नाका आहे. नाकेदार ट्रंक उघडायला लावतो आणि रेशमावर जकात मागतो. समुद्र ओलांडून आलेली बाहुली आपल्याच गावाच्या वेशीवर अडते.

घरी लेक पाच पूर्ण झालेली. ती फोटोकडे बघते, मग माणसाकडे, आणि आईला हळूच विचारते, हा जेवून जाणार का? धाकटा पाहुण्याला बघून भोकाड पसरतो. नवरा पलटणीतली हिंदुस्तानी मिसळून बोलतो, पहाटे उठून बूट पुसतो, लेकरांवर आवाज चढवतो. लेकरांना आजोबांचा शब्द माहीत, ह्याचा नाही. तुम्हाला त्याला आणि त्यांना एकमेकांची ओळख करून द्यायची आहे, आणि रजा संपायला आली आहे. पुढचं वर्ष निजामाची बाजू घेणाऱ्या सशस्त्र रझाकारांचं. हद्दीवरच्या गावांतली माणसं रातोरात नगरकडे निघतात, तुम्हीही कडेवर एक आणि बोटाला एक घेऊन निघता. पलटणीची बायको आहे हे आता कुणाला सांगायचं नाही, एवढी ताकीद मामंजींनी दिलेली. १३ सप्टेंबर १९४८ ला भारताची फौज निजामाच्या हद्दीत शिरते आणि १७ तारखेला निजाम शस्त्रं खाली ठेवायचा हुकूम देतो.

आता तुम्ही आजच्या वर्षात परतलात. त्या भादव्यात जन्मलेली लेकरं आज ऐंशीच्या घरात आहेत. बापाचं बोट धरायच्या वयात ज्यांनी त्याचा फोटो पाहिला अशी माणसं कडा, आष्टी, धानोरा, जामखेड, पाथर्डी या पट्ट्यात अजून ओट्यावर बसलेली सापडतील. त्यांच्या घरच्या ट्रंकेत डिस्चार्ज बुक असतं, मनीऑर्डरीची कुपनं असतात, कधी एखादं पदक. भंगारात देऊ नका. बुकाच्या प्रत्येक पानाचा फोटो काढा, पलटणीचं नाव आणि शिपाई नंबर टिपून घ्या आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात किंवा बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री केंद्राकडे चौकशी करा. आणि आजीजवळ बसाल तेव्हा लढाईचं विचारू नका. बाप घरी नव्हता तेव्हा कुणाला गोवर आला होता आणि रात्री गाडी जुंपायला कोण नाही म्हणालं, ते विचारा.