हवेवर तोललेली गाडी

‘प्रवास सुखाचा होवो’ अशी शुभेच्छा आपण निघणाऱ्याला सहज देतो. परंतु रस्त्याचा धक्का प्रवाशाच्या पाठीपर्यंत पोहोचू नये म्हणून माणसाने केलेल्या खटाटोपाचा इतिहास क्वचितच सांगितला जातो. पालखीत भोयांचे गुडघे स्प्रिंगचे काम करीत. बैलगाडीत मात्र लोखंडी धाव चढवलेल्या चाकाचा हादरा थेट अंगात शिरे. खाली गवत अंथरून वर घोंगडी टाकणे, एवढाच त्यावर उतारा असे.

इंग्लंडमध्ये ओबादाया इलियट याने १८०४ साली घोडागाडीसाठी लंबवर्तुळाकार पोलादी पाट्यांच्या स्प्रिंगचे पेटंट घेतले. हवा भरलेल्या धावेची कल्पना रॉबर्ट थॉमसन याने १८४५ मध्ये मांडली आणि १८८८ मध्ये जॉन डनलॉप याने ती व्यवहारात रुजवली. पोलाद आणि हवा हे प्रवाशाचे दोन आधार तेव्हापासून चालत आले आहेत. पुढच्या शतकात त्यांच्यातील स्पर्धा जितकी चारचाकी-चालन (फोर व्हील ड्राइव्ह) गाड्यांत दिसली, तितकी क्वचितच अन्यत्र दिसली असेल.

१९४८ साली ब्रिटनमध्ये लँड रोव्हर अवतरली ती पाट्यांच्या स्प्रिंगवर. शेतीची कामे करावी, ओझे वाहावे, चिखलातून वाट काढावी, हा तिचा धर्म. सरकारी दौऱ्यांच्या निमित्ताने ज्यांनी आपल्याकडे पाट्यांच्या जीपमधून दिवसचे दिवस प्रवास केला आहे, त्यांना या जातीच्या वाहनाची चाल निराळी सांगावयास नको. दोष कारागिरीचा नव्हता; पेच शास्त्राचा होता. माणसाच्या शरीराला सेकंदाला एक ते दीड हेलकावा सोसतो, कारण तो चालण्याच्या लयीशी जुळता असतो. सेकंदाला चार ते आठ कंपने झाली की पोट आणि पाठीचा कणा तक्रार करू लागतात. सेकंदाला एकच हेलकावा हवा असेल, तर स्प्रिंग गाडीच्या भाराखाली सुमारे २५ सेंटिमीटर दबावी लागते. इतकी मऊ स्प्रिंग ओझे लादताच बसते. ओझ्यासाठी ती कडक करावी, तर रिकामी गाडी उसळते.

१९७० साली आलेल्या रेंज रोव्हरने या पेचातून वाट काढली. स्पेन किंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाटे सोडून चारही चाकांना लांब हालचालीच्या गुंडाळी स्प्रिंग दिल्या आणि मागचा भाग ओझ्याने बसू नये म्हणून आपोआप उंची राखणारे उपकरण बसवले. शेतात चालणारी गाडी शहरी मोटारीसारखी आरामशीर असू शकते, हे तिने सिद्ध केले.

पुढचे पाऊल हवेचे होते. पोलादी स्प्रिंगच्या जागी रबरी पिशवीत दाबलेली हवा ठेवली आणि ओझे वाढेल तसा दाब वाढवून उंची कायम राखली, तर स्प्रिंगचा ताठपणाही ओझ्याच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे गाडी रिकामी असो वा भरलेली, हेलकाव्याची लय जवळजवळ तीच राहते. अमेरिकेत १९५७ च्या कॅडिलॅक एल्डोराडो ब्रॉमला अशी हवाई स्प्रिंग होती. पण गळतीने मालक बेजार झाले आणि अनेकांनी पुन्हा पोलादी गुंडाळ्या बसवून घेतल्या. तरीही कल्पना मेली नाही. १९९२ मध्ये रेंज रोव्हरच्या लांब, १०८ इंची आवृत्तीला संगणकाच्या ताब्यातील हवाई स्प्रिंग मिळाली, आणि १९९४ च्या दुसऱ्या पिढीतही तीच व्यवस्था आली. कॉम्प्रेसर, हवेची टाकी, व्हॉल्व्हची पेटी, चार रबरी पिशव्या आणि उंची मोजणारे चार संवेदक असा हा संसार. महामार्गावर गाडी खाली येई, खडकाळ वाटेवर वर उचलली जाई.

अमेरिकेतील इतिहास मात्र इथेही फिरून आला. वर्षे लोटली तशी पिशव्यांच्या रबराला भेगा पडल्या, व्हॉल्व्हच्या पेटीतील रबरी कड्या कडक झाल्या आणि गळती भरून काढता काढता कॉम्प्रेसर थकला. व्यवस्था बिघडली की गाडी पार खाली बसे आणि ताशी ३५ मैलांहून अधिक वेगाने जाऊ नका, असा इशारा समोर उमटे. कंटाळून पुष्कळ मालकांनी हवा काढून पोलाद बसवले. आडगावी राहणाऱ्यास तो निर्णय समजण्याजोगा आहे. भरवसा हाही आरामच होय. पण त्याबरोबर उंची बदलण्याची आणि ओझ्याशी जुळवून घेण्याची सोय कायमची जाते, हे जाणूनच तो घ्यावा.

ज्यांना मूळ आराम परत हवा आहे, त्यांनी क्रम सांभाळावा. प्रथम टायर पाहावेत. या गाडीची आरंभीची चाके १६ इंची. पुढे १८ इंची आली आणि टायरची भिंत बुटकी होताच धक्का झेलणारी हवाही घटली. मग गाडीची उंची मोजावी. ती ठरल्याहून अधिक असेल तर चाकाला खाली जाण्यास वाव उरत नाही आणि चाल खडबडीत होते. पंक्चरवाल्याप्रमाणे साबणाच्या पाण्याने गळती शोधावी. पिशव्या, शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि जोडांतील रबरी बुश ही झिजणारीच सामग्री आहे. मुदत संपली की बदलावी. हवेच्या भरवशावर उभ्या गाडीखाली मात्र कुणीही शिरू नये. आधी लोखंडी टेकू द्यावेत.

२००८ मध्ये टाटा मोटर्सने लँड रोव्हर विकत घेतली, म्हणजे सॉलिहलच्या या परंपरेचा धागा आता मुंबईशी जुळला आहे. हवाई स्प्रिंग तर त्याआधीच आपल्या घराजवळ आली होती. २००१ पासून आलेल्या व्होल्वो बसगाड्यांत आणि मुंबईच्या उपनगरी रेल्वेच्या डब्यांत तीच हवा प्रवाशांचे ओझे तोलते. तिथे ती टिकते, कारण तिची तपासणी ठरल्या दिवशी होते. जुन्या गाडीच्या मालकाने एवढी शिस्त उचलली, तर पोलादाकडे परतण्याची वेळ बहुधा येणार नाही.