डोक्याला मार आणि चाचणीतले गुण

मागच्या वेळी आपण रेल्वे अपघातांपाशी थांबलो होतो. १८६६ मधलं एरिकसनचं पुस्तक, मग १८८३ मध्ये रेल्वे कंपनीचा सर्जन हर्बर्ट पेज याने दिलेलं उत्तर. वाद एकच: दुखणं खरं की मनाचं? १९६१ साली न्यूकॅसलचे हेन्री मिलर बोलायला उभे राहिले तेव्हाही प्रश्न फारसा हललेला नव्हता. मार जितका किरकोळ तितकी तक्रार मोठी, आणि भरपाईचा दावा मिटला की ती ओसरते, असं त्यांचं म्हणणं. विमावाल्यांना हे आवडलं नसतं तरच नवल! पुढच्या पाहण्यांत मात्र पैसे मिळूनही बरेच जण कामावर परतले नाहीत.

मग ऑकलंडच्या डोरोथी ग्रोनवॉल यांची चाचणी आली. बघा, एकेक आकडा ऐकवला जातो. प्रत्येक नवा आकडा त्याच्या लगेच आधीच्या आकड्यात मिळवायचा. ३, ८, तर ११. मग २, तर १०, १३ नव्हे. दोन आकड्यांमधलं अंतर २.४ सेकंदांवरून १.२ पर्यंत खाली येतं. धडधाकट माणसालाही घाम फुटतो. १९७४ मध्ये ग्रोनवॉल आणि राइटसन यांनी दाखवलं, की तक्रारी रेंगाळलेल्या रुग्णांचा वेग खरोखरच मंदावलेला असतो आणि तक्रारी कमी होतात तसे गुण वाढतात. म्हणजे ढोंग नव्हे.

पण मन बाजूला गेलं का? नाही. १९९२ मध्ये मिटेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी कधीच मार न लागलेल्यांना विचारलं, मार बसला तर काय काय होईल? त्यांची यादी रुग्णांच्या यादीशी जवळजवळ जुळली. शिवाय आपण अपघाताआधीही विसरत होतो, हे रुग्णांच्या फारसं लक्षात नव्हतं.

आमच्या मते खरा कलाटणीचा प्रयोग २००२ चा, सुहर आणि गनस्टॅड यांचा. पूर्वी डोक्याला सौम्य मार लागलेले विद्यार्थी. निम्म्यांना सांगितलं, 'तुम्हाला मार लागला होता म्हणून बोलावलंय, अशांना चाचण्या जड जातात.' बाकीच्यांना यातलं काहीच सांगितलं नाही. चाचण्या त्याच. पहिल्या गटाचे स्मरणशक्तीचे आणि सामान्य बुद्धीचे गुण कमी आले. नंतर हा प्रयोग इतरांनी केला तेव्हा दर वेळी तसंच घडलं असं नाही. कधी फरक दिसला, कधी दिसलाच नाही. तरी तेव्हापासून गुणांच्या कागदाबरोबर आणखी एक गोष्ट विचारावी लागते: चाचणीआधी रुग्णाला नेमकं काय सांगितलं होतं?