मांजराची माती

माणसाच्या घरांत राहणाऱ्या प्राण्यांत मांजराइतकी स्वच्छतेची आवड क्वचितच कोणास असेल. अंग चाटून लख्ख ठेवणें हा तर त्याचा दिवसभराचा उद्योग. शिवाय विसर्जनानंतर माती ओढून तें झांकून टाकण्याची त्याची रीत आहे, आणि ही रीत त्याला कोणी शिकवावी लागत नाहीं. तीन-चार आठवड्यांचें पिलूं देखील मोकळी माती दिसली कीं पंजानें उकरूं लागतें. असें असतां तेंच मांजर एखाद्या दिवशीं आपली मातीची पेटी, म्हणजे हल्लीं जिला सर्रास लिटर बॉक्स म्हणतात ती, सोडून गादीवर किंवा सतरंजीवर घाण करतें. आणि घरोघरीं एकच निकाल दिला जातो कीं, मांजर द्वाड झालें, डूख धरून बसलें. हा निकाल बहुधा चुकीचा असतो. तो कां चुकतो हें समजण्यास या पेटींतील मातीचा इतिहास पाहावा लागतो.

हा इतिहास वाळवंटापासून सुरू होतो. सायप्रस बेटावरील शिलूरोकाम्बोस या ठिकाणीं माणसाच्या शवाशेजारीं पुरलेला मांजराचा सांगाडा सांपडल्याचें २००४ सालीं जाहीर झालें. तें दफन सुमारें ९,५०० वर्षांपूर्वींचें आहे. पुढें २००७ सालीं जगांतील निरनिराळ्या प्रदेशांतील मांजरांचा आनुवंशिक अभ्यास प्रसिद्ध झाला आणि सर्व पाळीव मांजरें पश्चिम आशियांतील रानमांजराच्या वंशांतील आहेत असें दिसून आलें. हें रानमांजर रुक्ष प्रदेशांत राहणारें. त्यास पाणी थोडें मिळे, म्हणून मूत्रपिंडें मूत्रांतील पाणी जवळजवळ पिळून परत घेतात. मूत्र त्यामुळें अतिशय तीव्र होतें. त्याच्या विशिष्ट दर्पाच्या मुळाशीं फेलिनीन नांवाचें एक गंधकयुक्त द्रव्य आहे. तें १९५३ सालीं ओळखलें गेलें. आणि मांजराच्या मूत्रपिंडांत तयार होणाऱ्या एका प्रथिनामुळें तें निर्माण होतें, हें जपानी संशोधकांनीं २००६ सालीं दाखवून दिलें. खच्ची न केलेल्या बोक्यांत तें सर्वांत अधिक असतें. ज्याच्या घरीं असा बोका आहे त्याला हें शास्त्रज्ञांनीं सांगण्याची गरज नव्हती.

असा दर्प असलेली वस्तु पुरून टाकणें शहाणपणाचें होतें. शेतांवर मोकळीं राहणारीं मांजरें आपल्या निवाऱ्याजवळ विष्ठा बहुधा झांकतात, आणि हद्दीवर किंवा वाटांवर ती पुष्कळदां उघडीच ठेवतात, असें निरीक्षकांना आढळलें आहे. म्हणजे झांकणें आणि न झांकणें या दोहोंना मांजराच्या भाषेंत अर्थ आहे. बारीक, कोरडी, पंज्याला मऊ लागणारी माती ही त्याची मूळची गरज, आणि ती हजारों वर्षांत बदललेली नाहीं.

माणसाला पुष्कळ काळ याची चिंता करण्याचें कारणच पडलें नाहीं. मांजर उंदरांसाठीं ठेवलेलें असे. तें धान्याच्या कोठारांत, अंगणांत, छपरावर वावरे. महाराष्ट्रांतील वाड्यांना परसूं होतें, तेथें आळीं होतीं, चुलीच्या राखेचा ढीग होता. मांजर त्यांपैकीं एखादी जागा पसंत करी आणि घरधन्याला त्याचा पत्ताही नसे. युरोपांत १८७१ सालीं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें हॅरिसन वीअर यानें मांजरांचें मोठें प्रदर्शन भरविलें, तेव्हांपासून मांजर दिवाणखान्यांत प्रतिष्ठेनें बसूं लागलें खरें, परंतु विधीसाठीं तें बाहेरच जाई. हिवाळ्यांत किंवा वरच्या मजल्यावर अडचण पडली तर एका पत्र्याच्या तबकांत वाळू, लाकडाचा भुसा, कोळशाची राख किंवा फाडलेलीं वर्तमानपत्रें घालून काम भागविलें जाई. काम भागे, पण घराला वास येई, आणि म्हणून मांजर चोवीस तास घरांत ठेवण्याचा विचार फारसा कोणी करीत नसे.

ही स्थिति ज्या मातीनें पालटली ती मराठी घरांना अगदीं परिचयाची आहे. केस धुण्यास व चेहऱ्यास लावण्यास जी मुलतानी माती वापरतात, तिच्याच जातीच्या मातीला इंग्रजींत फुलर्स अर्थ म्हणतात. फुलर म्हणजे लोकरीचें कापड धुऊन, तुडवून घट्ट करणारा कारागीर. ही माती लोकरींतील तेलकटपणा शोषून घेते, म्हणून प्राचीन रोममधील फुलर ती वापरीत. आणि मळ काढण्यासाठीं त्यांना आणखी एक पदार्थ लागे, तो म्हणजे शिळें मूत्र. त्यांतील अमोनियानें कापड स्वच्छ होई. सार्वजनिक मुताऱ्यांतून गोळा होणाऱ्या या मालावर व्हेस्पेसियन बादशहानें करही बसविला होता. मुलानें नापसंती दाखवितांच त्यानें नाणें त्याच्या नाकाशीं धरलें, अशी कथा प्रसिद्ध आहे. मूत्र आणि ही माती एकाच कारखान्यांत शतकानुशतकें शेजारीं शेजारीं होतीं. पण एकीनें दुसऱ्याची दुर्गंधी मारतां येईल हें मांजराच्या बाबतींत कोणाच्या ध्यानीं आलें नाहीं. त्यास १९४७ साल उजाडावें लागलें.

अमेरिकेच्या मिशिगन राज्यांत कॅसोपोलिस नांवाचें लहानसें गांव आहे. तेथें एडवर्ड लो हा सत्तावीस वर्षांच्या आंतला तरुण नौदलांतून परत येऊन वडिलांच्या धंद्यांत शिरला होता. धंदा म्हणजे कारखान्यांतील जमिनीवर सांडलेलें तेल व वंगण टिपून घेणारे पदार्थ पुरविण्याचा. त्यांत भुसा, वाळू आणि भाजून दाणेदार केलेली ही माती असे. १९४७ च्या जानेवारींत एक शेजारीण त्याच्याकडे वाळू मागावयास आली. तिच्या अंगणांतील वाळूचा ढीग गोठून दगड झाला होता. मांजरासाठीं तिनें राख वापरून पाहिली, तर तें मांजर राखेनें माखलेले पाय घेऊन घरभर हिंडलें. लोनें तिला वाळूऐवजीं पोतेंभर दाणेदार माती दिली. कांहीं दिवसांनीं ती बाई परत आली आणि पुन्हा तीच माती मागूं लागली.

येथें लोच्या ध्यानांत जें आलें तें महत्त्वाचें. त्यानें दहा पिशव्या पांच पांच पौंडांच्या भरल्या, त्यांवर हातानें ‘किटी लिटर’ असें लिहिलें आणि एका दुकानदाराकडे नेल्या. किंमत ६५ सेंट. वाळू जवळजवळ फुकट मिळत असतां मातीला इतके पैसे कोण देणार, अशी दुकानदाराची रास्त शंका. तर मग फुकट वाटा, असें लोनें सांगितलें. फुकट नेणारीं गिऱ्हाइकें दुसऱ्या खेपेस पैसे देऊन नेऊं लागलीं. पुढें हा गृहस्थ मोटारींत पिशव्या घालून गांवोगांवच्या मांजरप्रदर्शनांना जाई आणि तेथील मांजरांच्या पेट्या स्वतः साफ करून देण्याच्या बदल्यांत माल मांडण्यास जागा मिळवी. १९९० सालीं त्यानें धंदा विकला तेव्हां त्याची किंमत कोट्यवधि डॉलर झाली होती. १९९५ सालीं तो वारला.

या मातीचा गुण साधा आहे. ती ओल शोषते, आणि मूत्रांतील यूरिया कुजून जो अमोनिया होतो तोही बराचसा धरून ठेवते. तेवढ्यानें मांजराच्या आयुष्यांत क्रांति झाली. दार न उघडतां मांजर पाळतां येऊं लागलें. उंच इमारतींतील दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांतही तें राहूं लागलें. मोटारीखालीं सांपडणें, कुत्र्यांनीं फाडणें, रोगट मांजरांशीं मारामाऱ्या करणें यांतून तें वांचलें. मात्र त्याबरोबर दुसरी एक गोष्ट झाली, ती कोणी मोजली नाहीं. पूर्वीं मांजराला विसर्जनासाठीं साऱ्या गल्लीची जमीन होती. आतां एक हात लांबीची एकच पेटी उरली, आणि ती कोठें ठेवावयाची, तींत काय घालावयाचें, ती केव्हां साफ करावयाची, हें सर्व माणूस ठरवूं लागला.

माणसानें तें आपल्या नाकाला विचारून ठरविलें. मातींत फुलांचे वास मिसळले गेले, पेट्यांना झांकणें आलीं, आणि पेटी घरांतील सर्वांत अडगळीच्या जागीं, कपडे धुण्याच्या यंत्राच्या बाजूस गेली. यंत्र एकाएकीं घरघरूं लागलें कीं आंत बसलेलें मांजर दचकून पळे आणि पुन्हा तेथें पाऊल टाकीत नसे. १९८० नंतरच्या दशकांत टॉमस नेल्सन या जीवरसायनशास्त्रज्ञानें बेंटोनाइट नांवाच्या मातीचा उपयोग पुढें आणला. ही माती ओल लागतांच फुगते आणि तिचा गोळा होतो. तेवढा गोळा उचलून टाकला कीं बाकीची माती कोरडी राहते. ही सोय माणसासाठीं होती, पण तिचा फायदा मांजरालाच अधिक झाला, कारण ही माती बारीक होती. पीटर बोर्चेल्ट या प्राणिवर्तनाच्या अभ्यासकानें १९९१ सालीं जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांत मांजरांचा कल बारीक कणांच्या, बिनवासाच्या मातीकडेच दिसला. वाळवंटांतील आवड तेथवर टिकून होती.

इतकें होऊनही पेटीबाहेरची घाण थांबली नाहीं, आणि तिचे परिणाम क्रूर होते. १९९६ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत, मांजर आश्रयगृहांत आणून टाकण्याशीं ज्या गोष्टींचा संबंध दिसला त्यांत ही एक ठळक होती. आश्रयगृहांत आलेल्या मांजरांपैकीं पुष्कळ मांजरें त्या काळीं मारून टाकलीं जात. म्हणजे गादीवरील एका डागाची शिक्षा देहान्तापर्यंत पोंचत होती, आणि तीही गुन्हा काय आहे याची चौकशी न होतां.

ती चौकशी पशुवैद्यांनीं सुरू केली तेव्हां प्रथम दिसलें तें दुखणें. मूत्राशयाला सूज आली, किंवा खडे झाले, कीं मूत्रविसर्जनाच्या वेळीं वेदना होतात. मांजराला कारण कळत नाहीं. पेटींत बसलें कीं दुखतें, एवढेंच कळतें, आणि तें दुसरी जागा शोधूं लागतें. पुष्कळ मांजरांत तर जंतु किंवा खडे यांपैकीं कांहींच सांपडेना. ओहायो स्टेट विद्यापीठांतील टोनी बफिंग्टन व त्यांचे सहकारी यांनीं या गूढ दाहाचा दीर्घकाळ अभ्यास केला आणि त्याचा संबंध मांजराच्या मनावरील ताणाशीं जोडला. २००६ सालीं त्यांनीं ४६ पाळीव मांजरांच्या घरांतील व्यवस्था सुधारून पाहिली. लपण्यास जागा, चढण्यास उंचवटे, खेळ, स्वतंत्र भांडीं. आणि त्यांची लक्षणें लक्षणीय रीतीनें कमी झालीं. २०११ सालचें निरीक्षण त्याहून बोलकें आहे. त्यांत २० रोगी आणि १२ निरोगी अशीं ३२ मांजरें ७७ आठवडे पाहण्यांत आलीं. सांभाळणारा माणूस बदलला, खाण्याची वेळ चुकली, नित्याचा क्रम मोडला, कीं निरोगी मांजरेंही ओकूं लागत, जेवण टाकीत आणि पेटीबाहेर घाण करीत. घरांत पाहुणे आले, सामान हललें, यजमान गांवाला गेले, कीं मांजर ‘रुसतें’ असें जें म्हणतात त्याचा उलगडा येथें होतो. रुसण्याचा त्याशीं कांहीं संबंध नसतो. तो शरीराचा प्रक्षोभ असतो.

बोक्याच्या बाबतींत तर ही चौकशी जीवावरची आहे. त्याचा मूत्रमार्ग अरुंद असल्यामुळें तो एकाएकीं तुंबूं शकतो. वारंवार पेटींत जाऊन बसणें, कुंथणें, ओरडणें आणि थेंबही न पडणें, हीं लक्षणें दिसल्यास सकाळपर्यंत थांबूं नये. रक्तांतील पोटॅशियम वाढून हृदय बंद पडतें आणि एक-दोन दिवसांतच बोका दगावूं शकतो. बद्धकोष्ठ समजून एरंडेल पाजण्यांत गेलेले तास पुढें भरून निघत नाहींत.

भिंतीवर किंवा पडद्यावर उभ्यानें शेपटी थरथरवीत मारलेली धार ही मात्र वेगळी बाब. ती हद्दीची खूण असते आणि पेटी कितीही चांगली असली तरी ती थांबत नाहीं. खच्ची केल्यावर ती बहुतेक बोक्यांची सुटते. सुमारें १० टक्के बोक्यांत तरीही राहते. खिडकीबाहेर परका बोका येऊन बसत असेल तर खिडकीचा पडदा ओढणें हाच पहिला इलाज.

दुखणें नाहीं अशी खात्री झाल्यावर मग पेटीकडे वळावें. मांजरें जितकीं, त्याहून एक पेटी अधिक, असा पशुवैद्यांचा प्रघात आहे. आणि त्या सर्व एकाच कोपऱ्यांत ओळीनें मांडल्या तर मांजराच्या दृष्टीनें ती एकच पेटी होते. पेटी मांजराच्या लांबीच्या दीडपट असावी. झांकणाबद्दल मात्र उगाच वाद माजविला जातो. २०१३ सालच्या एका प्रयोगांत, पेटी स्वच्छ असली तर बहुतेक मांजरांना झांकणाचें सोयरसुतक दिसलें नाहीं. घाण झालेली जागा अमोनियायुक्त द्रावणानें कधींही पुसूं नये. मूत्रासारखाच वास येऊन मांजर पुन्हा तेथेंच जातें. मारणें किंवा नाक घाशीत नेणें यानें मांजर एवढेंच शिकतें कीं, माणसादेखत विसर्जन करणें धोक्याचें आहे. मग तें पलंगाखालीं जातें.

रोज साफ करण्यास आणखी एक कारण आहे. टॉक्सोप्लाझ्मा या परोपजीवी जंतूचें टिकाऊ रूप मांजराच्या विष्ठेंतून पसरतें, हें १९७० सालीं निश्चित झालें. तें बाहेर पडल्यावर एक ते पांच दिवसांनीं बाधक होतें. म्हणून चोवीस तासांच्या आंत काढलेल्या विष्ठेचा धोका फार कमी. गर्भवती स्त्रीनें तरीही हें काम घरांतील दुसऱ्या कोणावर सोंपवावें.

माती बदलावयाची झाल्यास ती एका दिवसांत बदलूं नये. जुनी पेटी तशीच ठेवून शेजारीं नव्या मातीची दुसरी पेटी मांडावी, दोन्ही सारख्याच साफ कराव्या, आणि दोन-तीन आठवडे कोणत्या पेटींत अधिक उकरलेलें दिसतें तें पाहावें. नवी पेटी तशीच सपाट राहिली तर ती उचलून ठेवावी, मग ती माती दुकानांत कितीही महाग असो.