अमेरिकेतील क्लिनिकल रोटेशनची श्रेणी आणि रेसिडेन्सी निवड

क्लिनिकल रोटेशनची श्रेणी म्हणजे अमेरिकेतील वैद्यकीय विद्यार्थ्याने रुग्णालयाच्या एखाद्या विभागात ठरावीक आठवडे काम केल्यानंतर त्याला मिळणारा अधिकृत गुणवत्तानिदर्शक शेरा होय. या विभागीय प्रशिक्षणाला तेथे 'क्लर्कशिप' असेही म्हणतात. पदवीनंतरच्या विशेषशाखेच्या प्रशिक्षणासाठी, म्हणजेच रेसिडेन्सीसाठी, उमेदवार निवडताना या श्रेणीचा विचार केला जातो. सर्वोच्च श्रेणी हुकून केवळ 'पास' किंवा 'हाय पास' हा शेरा मिळाल्यास पुढील संधींवर किती परिणाम होतो, हा तेथील विद्यार्थ्यांच्या दृष्टीने जिव्हाळ्याचा प्रश्न आहे. हा परिणाम सरसकट सारखा नसतो. निवडलेली विशेषशाखा, महाविद्यालयातील श्रेणींची वाटणी, श्रेणीसोबतचा लेखी अभिप्राय आणि त्यानंतरची विद्यार्थ्याची कामगिरी यांवर तो अवलंबून असतो.

पार्श्वभूमी

विद्यार्थ्याने व्याख्यानगृहाऐवजी रुग्णाच्या खाटेपाशी शिकावे, ही पद्धत अमेरिकेत रुजवण्याचे श्रेय प्रामुख्याने विल्यम ऑस्लर यांना दिले जाते. बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स वैद्यकीय महाविद्यालय १८९३ मध्ये सुरू झाले. तेथे ऑस्लर यांनी विद्यार्थ्यांना वॉर्डात नेमून रुग्णांची जबाबदारी सोपवण्याचा पायंडा पाडला. १९१० च्या फ्लेक्सनर अहवालानंतर ही पद्धत देशभर मान्य झाली.

सध्याच्या चार वर्षांच्या अभ्यासक्रमात पहिली दीड ते दोन वर्षे मूलभूत विषयांसाठी असतात. त्यानंतर औषधवैद्यकशास्त्र, शल्यचिकित्सा, बालरोगशास्त्र, स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्र, मानसोपचार आणि कुटुंबवैद्यक या विभागांत अनिवार्य रोटेशन होतात. बऱ्याच महाविद्यालयांत मज्जातंतुशास्त्राचाही यात समावेश असतो. चौथ्या वर्षी विद्यार्थी आपल्या आवडीच्या शाखेत 'सब-इंटर्नशिप' करतो. तीत त्याच्यावर जवळजवळ कनिष्ठ निवासी डॉक्टराइतकी कामे सोपवली जातात.

श्रेणी कशी ठरते

अनेक महाविद्यालयांत 'ऑनर्स', 'हाय पास', 'पास' आणि 'फेल' अशा चार पायऱ्या असतात. काही ठिकाणी इंग्रजी अक्षरांच्या श्रेणी दिल्या जातात, तर काही ठिकाणी केवळ उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण एवढीच नोंद होते.

अंतिम श्रेणी साधारणपणे दोन मुख्य घटकांवरून काढली जाते. पहिला घटक म्हणजे वरिष्ठ डॉक्टर आणि निवासी डॉक्टर यांनी वॉर्डातील कामाचे केलेले मूल्यमापन. रुग्णाची माहिती घेणे, राउंडच्या वेळी ती मांडणे, निदानाचा विचार, नोंदी आणि सहकाऱ्यांशी वागणूक या बाबी त्यात पाहिल्या जातात. दुसरा घटक म्हणजे राष्ट्रीय वैद्यकीय परीक्षक मंडळाची विषयवार लेखी परीक्षा. विद्यार्थी तिला 'शेल्फ परीक्षा' म्हणतात. काही महाविद्यालये यांखेरीज प्रशिक्षित नटरुग्णांवर आधारित प्रात्यक्षिक परीक्षाही घेतात.

काही ठिकाणी 'ऑनर्स'साठी शेल्फ परीक्षेत किमान गुणांची अट असते. त्यामुळे वॉर्डात उत्तम काम करूनही एखाद्या विद्यार्थ्याला खालची श्रेणी मिळू शकते. याउलट, ज्या वरिष्ठांसोबत विद्यार्थ्याने मोजकेच दिवस काम केले, त्यांचा शेराही श्रेणीत धरला जातो. काही परीक्षक सढळ हाताने गुण देतात, तर काही हात आखडता घेतात. श्रेणीच्या विश्वासार्हतेविषयी घेतले जाणारे बहुतेक आक्षेप या घटकाशी संबंधित आहेत.

वैद्यकीय शिक्षणाला मान्यता देणाऱ्या 'एलसीएमई' या समितीच्या निकषांनुसार विद्यार्थ्याला रोटेशनच्या मध्यावर अभिप्राय मिळणे आणि रोटेशन संपल्यापासून सहा आठवड्यांत अंतिम श्रेणी मिळणे अपेक्षित आहे.

महाविद्यालयांमधील तफावत

'अकॅडेमिक मेडिसिन' या नियतकालिकात २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतील ११९ वैद्यकीय महाविद्यालयांच्या श्रेणीपद्धती तपासण्यात आल्या. त्यांत आठ वेगवेगळ्या पद्धती आणि शेऱ्यांचे २७ संच आढळले. एखाद्या रोटेशनमध्ये सर्वोच्च श्रेणी मिळवणाऱ्यांचे प्रमाण महाविद्यालयागणिक २ टक्क्यांपासून ९३ टक्क्यांपर्यंत बदलत होते. पायऱ्या कितीही असल्या तरी ९७ टक्के विद्यार्थ्यांना वरच्या तीनपैकी एक श्रेणी मिळाली होती. अनिवार्य रोटेशनमध्ये अनुत्तीर्ण होणारे १ टक्क्याहूनही कमी होते.

या आकड्यांमुळे 'मध्यम श्रेणी' या शब्दाचा अर्थ सापेक्ष ठरतो. जेथे दहापैकी दोघांनाच 'ऑनर्स' मिळते, तेथील 'हाय पास' ही चांगली कामगिरी समजली जाते. जेथे दहापैकी सातजण 'ऑनर्स' मिळवतात, तेथे तीच श्रेणी वर्गाच्या खालच्या भागात असल्याची खूण ठरते.

अधिष्ठात्यांचे पत्र

रेसिडेन्सीच्या अर्जासोबत महाविद्यालयाकडून 'एमएसपीई' हे कामगिरीचे पत्र पाठवले जाते. पूर्वी ते 'अधिष्ठात्यांचे पत्र' या नावाने ओळखले जाई. २००२ मध्ये अमेरिकी वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेने त्याला सध्याचे नाव दिले. शिफारस करण्यापेक्षा विद्यार्थ्याचे वस्तुनिष्ठ मूल्यमापन करणे हा त्याचा हेतू आहे.

प्रत्येक रोटेशनची श्रेणी, परीक्षकांच्या अभिप्रायांचा गोषवारा आणि वर्गात कोणती श्रेणी किती जणांना मिळाली याचा आलेख या पत्रात अपेक्षित असतो. या आलेखामुळे निवड करणाऱ्यांना श्रेणीचे खरे मोल कळू शकते. काही महाविद्यालये पत्राच्या शेवटी विद्यार्थ्याला 'आउटस्टँडिंग', 'एक्सलंट', 'व्हेरी गुड', 'गुड' अशा विशेषणांनी संबोधतात. येथे 'गुड' हे विशेषण बहुधा वर्गाच्या तळाच्या गटासाठी वापरले जाते. ही सांकेतिक भाषा नव्या वाचकाच्या सहज ध्यानात येत नाही.

निवडीच्या टप्प्यांवरील परिणाम

रेसिडेन्सीच्या जागा १९५२ पासून राष्ट्रीय जुळवणी कार्यक्रमामार्फत भरल्या जातात. ही प्रक्रिया 'मॅच' या नावाने परिचित आहे. उमेदवार आणि रुग्णालये परस्परांना पसंतीक्रम देतात आणि संगणकीय पद्धतीने जोड्या ठरतात. सध्याची गणनपद्धती १९९८ पासून वापरात आहे. तिच्या रचनेत सहभागी असलेले ॲल्विन रॉथ आणि अशा जुळवणीचा गणिती पाया घालणारे लॉइड शॅप्ली यांना २०१२ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. निकाल मार्चमधील तिसऱ्या शुक्रवारी जाहीर होतो.

श्रेणीचा सर्वाधिक प्रभाव मुलाखतीपूर्वीच्या छाननीत पडतो. एकेका प्रशिक्षण केंद्राकडे जागांच्या कित्येक पट अर्ज येतात. तेव्हा परीक्षांचे गुण, श्रेणी, शिफारसपत्रे आणि अधिष्ठात्यांचे पत्र यांवरून यादी आटोपशीर केली जाते. मुलाखतीनंतर अंतिम पसंतीक्रम लावताना उमेदवाराचे संभाषण, वागणूक आणि केंद्रातील डॉक्टरांवर पडलेली छाप यांना अधिक वजन येते. त्यामुळे मध्यम श्रेणीचा उमेदवार मुलाखतीपर्यंत पोहोचला, तर त्या श्रेणीचे महत्त्व बरेच कमी झालेले असते.

विशेषशाखेनुसार फरक

त्वचारोगशास्त्र, अस्थिव्यंगोपचार, न्यूरोसर्जरी, प्लास्टिक सर्जरी आणि कान-नाक-घसा या शाखांत जागा थोड्या आणि स्पर्धा तीव्र असते. तेथे अनेक अर्जदारांच्या नावावर बहुतेक रोटेशनमध्ये 'ऑनर्स' असते. त्यामुळे सलग मध्यम श्रेणी असलेला अर्ज मागे पडण्याची शक्यता वाढते. कुटुंबवैद्यक, बालरोगशास्त्र आणि औषधवैद्यकशास्त्र यांत जागा पुष्कळ असतात. तेथे एकदोन 'पास' श्रेणींमुळे सहसा प्रवेश अडत नाही. मात्र याच शाखांतील नामांकित विद्यापीठीय केंद्रे श्रेणींकडे बारकाईने पाहतात.

श्रेणी कोणत्या विभागातील आहे, यालाही महत्त्व असते. शल्यचिकित्सेसाठी अर्ज करणाऱ्याला शल्यचिकित्सेच्या रोटेशनमध्ये 'पास' मिळाल्यास खुलासा करावा लागतो. त्याला मानसोपचारात 'पास' मिळाले असल्यास ती बाब सहसा दुय्यम मानली जाते.

'पास' आणि 'फेल' यांतील अंतर मोठे आहे. अनुत्तीर्ण विद्यार्थ्याला रोटेशनची पूर्तता पुन्हा करावी लागते आणि त्याची नोंद अधिष्ठात्यांच्या पत्रात येते. त्याचप्रमाणे वेळ न पाळणे, नोंदीत खोटेपणा किंवा रुग्णाशी उद्धट वर्तन असे आचरणविषयक शेरे चांगल्या श्रेणीलाही झाकोळून टाकतात.

२०२४ मध्ये एकूण ४१,५०३ जागा उपलब्ध होत्या. त्या वर्षी अमेरिकेतील एमडी महाविद्यालयांच्या अंतिम वर्षातील ९३.५ टक्के उमेदवारांना पहिल्या वर्षाची जागा मिळाली. वर्गातील सर्वांना 'ऑनर्स' मिळत नाही, हे लक्षात घेतल्यास मध्यम श्रेणीचे बहुसंख्य विद्यार्थीही डॉक्टरकीच्या प्रशिक्षणाला लागतात, हे यावरून स्पष्ट होते. श्रेणीमुळे प्रामुख्याने शाखा आणि केंद्र यांची निवड मर्यादित होते.

स्टेप १ परीक्षेतील बदल

परवाना परीक्षेचा 'स्टेप १' हा पहिला टप्पा छाननीचे प्रमुख साधन होता. २६ जानेवारी २०२२ पासून त्याचा निकाल केवळ उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण असा दिला जातो. गुणांच्या शर्यतीमुळे येणारा ताण कमी करणे, हा त्यामागील एक हेतू होता. मात्र तुलनेचे एक साधन गेल्यामुळे 'स्टेप २ सीके' परीक्षेचे गुण आणि रोटेशनच्या श्रेणी यांवरील भर वाढला. परिणामी परीक्षेच्या टेबलावरील ताण काही अंशी वॉर्डात आला, अशी टीका केली जाते.

न्याय्यतेचा प्रश्न

सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ मध्ये आपल्याच महाविद्यालयातील श्रेणींचे विश्लेषण प्रसिद्ध केले. वैद्यकीय क्षेत्रात अल्प प्रतिनिधित्व असलेल्या समाजगटांतील विद्यार्थी आणि इतर विद्यार्थी यांच्या मूल्यमापनातील फरक अत्यल्प होता. तरीही पहिल्या गटाला 'ऑनर्स' श्रेणी सुमारे निम्म्याच मिळाल्या. मानाच्या संस्थेत निवड होण्याची त्यांची शक्यता तर तीन पटींनी कमी आढळली. गुणांतील किरकोळ फरक श्रेणीची सीमारेषा ओलांडताना मोठा होतो आणि पुढे पुरस्कार व प्रवेश यांत आणखी वाढत जातो, असा याचा अर्थ लावण्यात आला.

ही मानाची संस्था म्हणजे १९०२ मध्ये स्थापन झालेली 'अल्फा ओमेगा अल्फा'. तिच्या सदस्यत्वासाठी रोटेशनच्या श्रेणी महत्त्वाच्या असतात आणि हे सदस्यत्व रेसिडेन्सीच्या अर्जात भूषणावह मानले जाते. वरील विद्यापीठाने २०१९ पासून अनिवार्य रोटेशनमधील स्तरनिहाय श्रेणी बंद केल्या.

श्रेणीच्या समर्थकांचे म्हणणे असे की, वॉर्डातील श्रेणी रद्द झाल्यास लेखी परीक्षेचे गुण आणि महाविद्यालयाची ख्याती हीच तुलनेची साधने उरतील. त्यामुळे कमी प्रसिद्ध महाविद्यालयातील कष्टाळू विद्यार्थ्याचे नुकसान होईल.

भरपाईचे मार्ग

मध्यम श्रेणीचा परिणाम सौम्य करणारे घटक पुढीलप्रमाणे आहेत.

• इच्छित शाखेतील सब-इंटर्नशिपमध्ये उत्तम श्रेणी. ती नंतरची आणि अधिक जबाबदारीची असल्याने प्रगतीचा पुरावा ठरते.
• त्याच शाखेतील ज्येष्ठ डॉक्टरांची, प्रत्यक्ष कामाचा तपशील देणारी शिफारसपत्रे.
• 'स्टेप २ सीके' परीक्षेतील चांगले गुण. शेल्फ परीक्षेमुळे श्रेणी घसरली असल्यास हे विशेष उपयोगी पडतात.
• इच्छित केंद्रात पाहुणा विद्यार्थी म्हणून केलेले रोटेशन.
• अर्जांची वास्तववादी आखणी. स्पर्धात्मक केंद्रांसोबत सुरक्षित पर्याय ठेवल्यास मुलाखतींची संख्या वाढते आणि पसंतीक्रम लांबल्यास जुळणीची शक्यता वाढते.

अधिष्ठात्यांचे पत्र पाठवण्यापूर्वी त्यातील तथ्यात्मक चुका दाखवण्याची मुभा विद्यार्थ्याला असते. श्रेणीविरुद्ध दाद मागण्याची पद्धत प्रत्येक महाविद्यालय ठरवते. गुणांची बेरीज चुकणे किंवा नियमांचा भंग होणे यांसारख्या बाबतींत अशी दाद अधिक परिणामकारक ठरते.

भारतीय पदवीधरांच्या दृष्टीने

महाराष्ट्रातील एमबीबीएस अभ्यासक्रमातही विद्यार्थी वॉर्डात 'पोस्टिंग' करतात. मात्र भारतात पदव्युत्तर प्रवेश नीट-पीजी परीक्षेतील गुणवत्ताक्रमानुसार होतात. पोस्टिंगमधील वरिष्ठांचे मत त्यात मोजले जात नाही. त्यामुळे अमेरिकेकडे वळणाऱ्या येथील पदवीधरांना तेथील श्रेणी, पत्रे आणि अभिप्राय यांची व्यवस्था नवीन असते.

अशा उमेदवारांना 'ईसीएफएमजी' या यंत्रणेचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. त्यांच्या महाविद्यालयाचे कामगिरीपत्रही अर्जात जोडले जाते, परंतु त्यातील गुणांची तुलना अमेरिकी श्रेणींशी करणे तेथील निवडकर्त्यांना कठीण जाते. म्हणून परीक्षेचे गुण, अमेरिकेतील रुग्णालयात मिळवलेला अनुभव आणि तेथील डॉक्टरांची पत्रे यांवर अधिक भिस्त राहते. २०२४ मध्ये अमेरिकी नागरिक नसलेल्या परदेशी पदवीधरांपैकी ५८.५ टक्क्यांना जागा मिळाली.

हेही पहा

• वैद्यकीय शिक्षण
• विल्यम ऑस्लर
• निवासी डॉक्टर
• नीट-पीजी
• स्थिर जुळवणीचा प्रश्न