स्नायू चरबी केव्हा जाळतात?

पुणे-सातारा महामार्गावरील नसरापूरहून वेल्ह्याकडे निघाले, की वाटेत मार्गासनी लागते. राजगडाकडे जाणारे अनेक जण येथूनच गुंजवणे गावाकडे वळतात. पोहे आणि गोड चहा घेऊन लगेच गड चढू लागलेल्या माणसाच्या मांड्यांतील स्नायू चरबीपेक्षा साखरच अधिक वापरतात. हाच माणूस पहाटे उपाशीपोटी सपाटीवर सावकाश चालला असता, तर इंधनात चरबीचा वाटा बराच मोठा राहिला असता. चढ हे त्याचे एक कारण, न्याहारी हे दुसरे.

हाडांना जोडलेले स्नायू, म्हणजेच अस्थिस्नायू, ग्लुकोज आणि मेदाम्ले ही दोन्ही इंधने वापरतात. पोहे, भात वा साखर पोटात गेली, की रक्तातील ग्लुकोज वाढते आणि स्वादुपिंडातून इन्शुलिन स्रवते. त्यामुळे चरबीच्या साठ्यातून मेदाम्ले सुटणे मंदावते. शिवाय स्नायुपेशीत मॅलोनिल को-ए नावाचा पदार्थ वाढतो आणि मेदाम्लांना तंतुकणिकांत, म्हणजे पेशीच्या भट्टीत, नेणारे विकर रोखले जाते. रात्रभर पोट रिकामे राहिल्यावर ही वाट पुन्हा मोकळी होते. एकादशीला साबुदाण्याची खिचडी खाणाऱ्यांनी मात्र या उपवासाचा लाभ गृहीत धरू नये. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट.

आहारात अनेक दिवस तूप-तेल वाढवले, तर स्नायू चरबी अधिक जाळू लागतात. पण खाणे गरजेपेक्षा जास्त आणि हालचाल कमी असेल, तर न जळलेली चरबी स्नायुपेशींतच साठते. मेदाम्लांचा वापर ग्लुकोजच्या वापराला अडथळा आणतो, हे ब्रिटिश शास्त्रज्ञ फिलिप रँडल यांनी १९६३ मध्ये मांडले. साठलेल्या चरबीपासून तयार होणारी काही द्रव्ये इन्शुलिनचा संदेश बोथट करतात, असे पुढील संशोधनातून दिसले. लांब पल्ल्याच्या धावपटूंच्या स्नायूंतही भरपूर चरबी आढळते. ती रोज खर्च होत असल्याने त्यांना तिचा उपद्रव होत नाही.

पुणेकरांनी याची दखल घ्यावी असे कारण घरचेच आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एकत्रित छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. उंचीच्या तुलनेत वजन दर्शवणारा निर्देशांक दोघांचाही २२.३; शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के. हा फरक जन्मापासूनच दिसतो. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून सुरू झालेल्या पाहणीत नवजात बाळांचे सरासरी वजन २.७ किलो भरले, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. पुण्याची बाळे स्नायूंत उणी होती. त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. गरोदरपणात पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा घेणाऱ्या मातांची बाळे तुलनेने मोठी होती, असेही याच पाहणीत आढळले.