मुखवट्याची जाहिरात

‘जाहिरात’ हा शब्द मराठीने फारसी दफ्तरातून उचलला. जे आजवर चार जणांनाच ठाऊक होते ते चावडीवर उघड करणे म्हणजे जाहीर करणे; सरकारी हुकूम जाहीर होत, लिलाव जाहीर होत, आणि पुढे छापखाने आल्यावर औषधे, साबण व नाटकांचे प्रयोगही त्याच क्रियापदाच्या आश्रयाला आले. परंतु शब्दाची व्युत्पत्ती आणि त्याचा व्यवहार यांचे सूत नेहमी जमतेच असे नाही. 1929 साली अमेरिकेतील एका ग्रामोफोन कंपनीने मिसिसिपी प्रांतातील एका लोकगायकाच्या तबकडीची जी जाहिरात काढली, तीत गायकाचे नावच नव्हते, आणि चित्रातील इसमाच्या डोळ्यांवर मुखवट्याची पट्टी बांधलेली होती. प्रकट करणे हाच जिचा धर्म, तिने झाकण्याचे काम पत्करले. आणि ते इतक्या चोखपणे बजावले, की त्या झाकणाखालचा माणूस पुरता दिसायला सत्तर वर्षांहून अधिक काळ जावा लागला.

ही कंपनी मूळची गाण्याची नव्हेच. ती खुर्च्यांची होती. विस्कॉन्सिन प्रांतात, मिशिगन सरोवराच्या काठी पोर्ट वॉशिंग्टन या गावी विस्कॉन्सिन चेअर कंपनीचा कारखाना होता. फोनोग्राफ यंत्रांसाठी लागणाऱ्या लाकडी पेट्या तेथे तयार होऊ लागल्या, आणि पेटी विकायची तर तीत वाजवायला काहीतरी हवे, या सरळ व्यापारी हिशेबाने मालकांनी 1917 च्या सुमारास ‘पॅरामाउंट’ या नावाने तबकड्याही काढावयास आरंभ केला. त्या तबकड्या जवळच्याच ग्राफ्टन गावी छापल्या जात. दर्जा बेताचा, भांडवल तुटपुंजे, आणि समोर व्हिक्टर व कोलंबिया यांच्यासारख्या मातब्बर कंपन्या. तेव्हा बड्यांनी ज्या गिऱ्हाइकाकडे फारसे लक्ष पुरविले नव्हते, त्या कृष्णवर्णीय गिऱ्हाइकाकडे वळणे पॅरामाउंटला भाग पडले. 1920 च्या ऑगस्टमध्ये मेमी स्मिथ या गायिकेने ओके कंपनीसाठी गायिलेल्या ‘क्रेझी ब्लूज’च्या खपाने हे गिऱ्हाईक केवढे आहे ते सिद्ध झालेच होते. 1922 साली पॅरामाउंटने या वर्गासाठी बारा हजारी क्रमांकांची स्वतंत्र मालिका उघडली.

गिऱ्हाईक होते; पण त्याच्यापर्यंत पोहोचायचे कसे? दक्षिणेकडील कापसाच्या मळ्यांवर राबणाऱ्या माणसाच्या गावात तबकड्यांचे दुकान असेलच असे नव्हते. ही अडचण शिकागोच्या एका साप्ताहिकाने दूर केली. रॉबर्ट अ‍ॅबट यांनी 1905 साली स्थापन केलेले ‘शिकागो डिफेंडर’ हे कृष्णवर्णीयांचे पत्र पुलमन कंपनीच्या आगगाड्यांतील नोकर आपल्या सामानातून दक्षिणेत नेत, आणि तेथे ते पत्र न्हाव्याच्या दुकानात, प्रार्थनामंदिरात, ओसरीवर एका हातातून दुसऱ्या हातात जाई. ज्याला वाचता येत नसे त्याला कोणी वाचून दाखवी. बातमी ज्या वाटेने जाई त्याच वाटेने मग गाण्याची जाहिरातही जाऊ लागली.

त्याआधी एक निराळा प्रयत्न झाला होता. हॅरी पेस यांनी 1921 मध्ये न्यूयॉर्कला ‘ब्लॅक स्वान’ ही कृष्णवर्णीयांच्या मालकीची कंपनी काढली, आणि डुबॉइस यांच्या संपादकत्वाखालील ‘द क्रायसिस’ या मासिकातून तिच्या जाहिराती दिल्या. आमच्या तबकड्यांवर केवळ कृष्णवर्णीयांचाच कंठ असतो, इतरांचा नव्हे, असा त्या जाहिरातींचा अभिमानपूर्वक दावा असे. एका पीडित समाजाने आपली कला आपल्याच दुकानात मांडावी, ही आकांक्षा उदात्त होती. परंतु कारखाना चालता ठेवण्याच्या ओढाताणीत याच कंपनीने काही गौरवर्णीय वादकांच्या तबकड्याही टोपणनावाखाली खपविल्या! 1924 साली ब्लॅक स्वानचा संग्रह पॅरामाउंटच्या हाती गेला. मुखवट्याचा उपयोग खुर्चीवाल्यांनीच शोधून काढला असे म्हणता येत नाही, ते या कारणाने.

डिफेंडरमधील पॅरामाउंटच्या जाहिरातीची रचना सहसा ठरलेली असे. वृत्तपत्राच्या खरबरीत कागदावर छायाचित्र काळवंडून जाते, म्हणून वरचा मोठा भाग रेखाचित्राला दिलेला असे. त्यात कोपऱ्याशी गायकाचा लहानसा मुखडा. मग गाण्यातील प्रसंग रंगवून सांगणारा चटकदार मजकूर. त्याखाली इतर तबकड्यांची यादी. आणि सर्वांत खाली कापून पाठवायचे कूपन. तबकडीला पाऊण डॉलर पडे, परंतु आगाऊ काही पाठवायचे नसे. टपालवाला दारी आला की त्याच्या हाती पैसे ठेवायचे. आपल्याकडे व्ही. पी.ने पुस्तके मागविणाऱ्या पिढीला हा मामला निराळा समजावून सांगण्याची गरज नाही.

या जाहिराती काढणाऱ्या चित्रकारांची नावे त्यांवर नसत. आणि ते ज्या गाण्याचे चित्र काढीत, त्याचे जग त्यांनी पाहिले होते असे त्या चित्रांवरून तरी वाटत नाही. ब्लूज हे गाणे आपल्या लावणीप्रमाणे वरवर एक व आतून दुसरे बोलणारे. ब्लाइंड लेमन जेफरसन या टेक्सासच्या अंध गायकाने काळ्या सापाचे एक गाणे 1926 साली गायिले, आणि त्यातील साप कोणता हे ऐकणारे गालात हसून समजत असत. जाहिरातीत मात्र खराखुरा, बुळबुळीत, फूत्कारणारा साप अवतरला. श्लेष समजला नाही म्हणून असे झाले, की समजूनही सभ्यतेखातर वाच्यार्थाचा आसरा घेतला गेला, हे ठरविणे अवघड आहे. गाण्याचे अर्धे अंग जाहिरातीत उतरले नाही एवढे खरे. तथापि याच जेफरसनचे निर्विवाद मानले जाणारे जे एकमेव छायाचित्र आज आपणापाशी आहे, ते या कंपनीने प्रसिद्धीसाठी काढविलेले आहे. दृष्टिहीन माणसाच्या त्या चित्रावर वळणदार अक्षरांत एक स्नेहवचन व त्याची सही आहे. 1928 मध्ये कंपनीने त्याच्या वाढदिवसाच्या नावाने एक तबकडी काढून तिच्या लिंबाच्या रंगाच्या लेबलावर हेच चित्र छापले. जी जाहिरात त्याच्या गाण्याला न्याय देऊ शकली नाही, तिच्यावाचून त्याचा चेहराही आपणास लाभला नसता, असे हे विलक्षण ऋण आहे.

आता मुखवट्याकडे वळू. 14 जून 1929 रोजी इंडियाना प्रांतातील रिचमंड येथे चार्ली पॅटन या गायकाची चौदा गाणी मुद्रित झाली. मिसिसिपीच्या डेल्टा भागात शनिवारच्या रात्री नाच-गाण्यावर पोट भरणारा हा माणूस. आवाज खरखरीत, घशाच्या तळातून ओढून काढलेला, असा की शब्दही पुष्कळदा कळू नयेत. त्याची ‘पोनी ब्लूज’ ही पहिली तबकडी स्वतःच्या नावाने निघाली आणि चांगली खपली. मग त्याच वर्षीच्या शरद ऋतूत कंपनीने एक तजवीज केली. कापसावरील बोंडअळीचे त्याचे गाणे ज्या तबकडीवर होते, तिच्यावर ‘द मास्क्ड मार्व्हल’, म्हणजे मुखवटाधारी नवलपुरुष, असे नाव छापले, आणि हा गायक कोण ते ओळखणाऱ्यास एक तबकडी इनाम देण्याचे जाहीर केले. चित्रातील पट्टीवाला पुरुष पॅटनसारखा मुळीच दिसत नाही. परंतु कोडे चित्रावरून सोडवायचे नव्हतेच. ते कानाने सोडवायचे होते. ज्याने आधीची तबकडी ऐकली असेल त्याला तो आवाज ओळखू यावा, आणि ज्याने ऐकली नसेल त्याने दोन्ही विकत घ्याव्यात, असा दुहेरी डाव त्यात होता. पुन्हा त्याच पॅटनची भजने ‘एल्डर जे. जे. हॅडली’ या पाद्र्याला शोभणाऱ्या नावाने विकली गेली. कारण नाचगाणी गाणाऱ्या तोंडचे भजन भाविकाने विकत घेतले नसते.

इनामाची मुदत संपते न संपते तोच न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला. मंदीत पाऊण डॉलर ही चैन ठरली. 1932 मध्ये पॅरामाउंटचे मुद्रण थांबले, आणि पुढे कारखानाही मिटला. 28 एप्रिल 1934 रोजी पॅटन वारला. तबकड्या माळ्यांवर गेल्या, जाहिराती रद्दीत.

यानंतर अठरा वर्षांनी, 1952 साली, मोझेस अ‍ॅश यांच्या फोकवेज कंपनीने हॅरी स्मिथ या विक्षिप्त संग्राहकाने निवडलेल्या चौऱ्यांशी जुन्या मुद्रणांचा संग्रह प्रसिद्ध केला. फोकवेजची जाहिरात म्हणजे मुख्यतः तिची सूची. एकदा काढलेली तबकडी, खपो न खपो, सूचीतून काढायची नाही, हा अ‍ॅश यांचा बाणा. स्मिथने सोबतच्या पुस्तिकेत प्रत्येक गाण्याचा आशय वर्तमानपत्री मथळ्याच्या थाटात लिहिला आणि वेष्टनावर कोणा गायकाचा चेहरा न घालता विश्वाच्या एकतारीचे एक जुने युरोपीय चित्र छापले. या संग्रहात बोंडअळीचे गाणे आहे, आणि गायकाच्या जागी नाव आहे ते ‘द मास्क्ड मार्व्हल’! दोन महिन्यांच्या खपासाठी बांधलेली पट्टी गायकाच्या मृत्यूनंतरही सुटली नव्हती.

आपल्या शाहिरांनी या बाबतीत अधिक दूरदृष्टी दाखविली असे मनात येते. पोवाड्याच्या अखेरच्या चौकात शाहीर आपले नाव, आपल्या गुरूचे नाव, क्वचित गावाचेही नाव गोवतो; ती नाममुद्रा गाण्याच्या अंगातच असल्यामुळे तबकडी काढणाऱ्याला ती सोलून काढता येत नाही. पॅटनही आपल्या गाण्यांत ओळखीची माणसे, गावे, तुरुंगाचे अधिकारी आणीत असे. परंतु विक्रीचे नाव लेबलावर होते, आणि लेबल कारखान्याच्या ताब्यात होते.

कंपनीच्या प्रसिद्धिपत्रकामुळे पॅटनचा एक चेहरा मात्र अभ्यासकांना परिचित होता. छायाचित्रातून गळ्यापर्यंतच कापून घेतलेला, लहानसा. या शतकाच्या आरंभी त्या छायाचित्राची पूर्ण प्रत पोर्ट वॉशिंग्टनच्या जुन्या छपाई-साहित्यातून उजेडात आली. तीत पॅटन खुर्चीवर बसलेला आहे. गळ्याला बो, पायांत नीटनेटके जोडे, मांडीवर गिटार. ज्या बोटांनी ते सर्व वाजविले होते ती बोटे तेथे प्रथमच दिसली; जाहिरात काढणाऱ्याला जागा कमी पडली होती, म्हणून त्याने ती कापून टाकली होती.