नळदुर्गचा टेलर आणि तेरचे लामतुरे

धाराशिव जिल्ह्याच्या इतिहासात शिरू पाहणाऱ्याला कधी ना कधी एका इंग्रजाची गाठ घ्यावीच लागते. कर्नल फिलिप मेडोज टेलर हे त्याचे नाव. नळदुर्गचा किल्ला, बोरी नदीवरचा बंधारा, तुळजापूरचे देवस्थान यांविषयी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर त्याने जे लिहून ठेवले, ते पुढच्या अनेक लेखकांनी उचलले. मराठी वाचकाला तो ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ या कादंबरीचा लेखक म्हणून ऐकून माहीत असतो. पण टेलर चित्रेही काढत असे, जमिनीची मोजणी करत असे, जुन्या थडग्यांचे उत्खनन करत असे, आणि हे सगळे करत असताना तो आपल्या जिल्ह्याचा कारभारीही होता. या चार उद्योगांचा एकमेकांशी काय संबंध होता आणि त्यातून आपल्या वाट्याला काय आले, हा या लेखाचा विषय आहे.

मी इतिहासाचे रीतसर शिक्षण घेतलेले नाही. जिल्हा गॅझेटियर, जुन्या ग्रंथांच्या संगणकावरील प्रती आणि एस.टी.चा प्रवास एवढ्या भांडवलावर गेली काही वर्षे वाचन चालले आहे. टेलरकडे माझे लक्ष वेधले गेले त्याचे एक कारण असे, की तोही बव्हंशी स्वतःच शिकलेला होता.

त्याचा जन्म २५ सप्टेंबर १८०८ रोजी लिव्हरपूल येथे झाला. वडिलांच्या व्यापाराला उतरती कळा लागली आणि वयाच्या पंधराव्या वर्षी, १८२४ मध्ये, मुलाला मुंबईच्या एका पेढीवर धाडण्यात आले. मुंबईत पोचल्यावर कळले की पेढीच बुडीत निघाली आहे. ओळखीतून त्याला निजामाच्या लष्करात जागा मिळाली. कंपनी सरकारच्या सनदी नोकरीत त्याचा कधीच प्रवेश झाला नाही. त्या काळच्या इंग्रजी समाजात ही मोठीच उणीव मानली जाई. मोजणी, स्थापत्य, कायदा, वनस्पतिशास्त्र, भूगर्भशास्त्र हे सगळे त्याने नोकरी करता करता आत्मसात केले. हैदराबादचे सावकार विल्यम पामर यांच्या मुलीशी त्याचे लग्न झाले. ती १८४४ मध्ये वारली. त्यानंतरची नोकरीची वर्षे त्याने बहुतांशी एकट्याने काढली.

चित्रकलेचा नाद त्याला आधीपासूनच होता. १८३७ मध्ये लंडनमध्ये ‘स्केचेस इन द डेक्कन’ हा त्याच्या रेखाटनांवरून केलेल्या शिळाछापाच्या चित्रांचा संग्रह निघाला. म्हणजे ठगाच्या कादंबरीने १८३९ मध्ये त्याला विलायतेत प्रसिद्धी दिली, त्याच्या दोन वर्षे आधी तो चित्रकार म्हणून छापला गेला होता. त्याच्या गद्याकडेही मग वेगळ्या नजरेने पाहावेसे वाटते. टेलर आधी जागा उभी करतो: डोंगराची कड, पाण्याची रेघ, वेशीचा दरवाजा, उन्हाची वेळ. माणसे त्यानंतर येतात. हातात पेन्सिल घेऊन उघड्यावर बसण्याची सवय असलेला माणूस असाच लिहिणार.

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड, रायचूर दुआब आणि नळदुर्ग हे प्रदेश इंग्रजांच्या कारभाराखाली दिले. सुरापूर संस्थानात दहा-अकरा वर्षे काढलेल्या टेलरकडे नळदुर्ग आला. हुद्दा डेप्युटी कमिशनरचा. आजच्या भाषेत जिल्हाधिकारी. तेव्हा जिल्ह्याचे मुख्य ठाणे नळदुर्ग होते आणि जिल्ह्याचे नावही तेच. १८५७ मध्ये धामधुमीच्या दिवसांत त्याला वऱ्हाडात पाठवण्यात आले, तोवर चार वर्षे हा मुलूख त्याच्या हाताखाली होता. जमिनीची मोजणी, धाऱ्याची आकारणी, रस्ते, तलाव या कामांत ती चार वर्षे गेली. १८६० मध्ये नळदुर्ग आणि रायचूर निजामाला परत मिळाले.

आज नळदुर्गला गेलेला प्रवासी पाणीमहालापाशी थांबतो. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ च्या सुमारास, बोरी नदी किल्ल्याच्या आत घेऊन हा बंधारा बांधला गेला आणि बंधाऱ्याच्या पोटातच महाल काढला गेला. पावसाळ्यात नर-मादी धबधबे कोसळू लागले की महालाच्या गवाक्षासमोर पाण्याचा पडदा उभा राहतो आणि आतला माणूस कोरडा राहतो. टेलरने आत्मचरित्रात या बंधाऱ्याविषयी कौतुकाने लिहिले आहे. ते कौतुक जाणकाराचे आहे. ज्याने स्वतः तलावांची कामे काढली, त्यालाच पाण्याचा दाब पेलणाऱ्या भिंतीत खोली काढणे म्हणजे काय ते कळते. मोजणीदाराची नजर आणि चित्रकाराची नजर येथे एकत्र येते. दगड, पाणी आणि अंतर यांच्या बाबतीत टेलर हा भरवशाचा साक्षीदार आहे, असे माझे मत झाले आहे.

माणसांच्या बाबतीत मात्र सावध राहावे लागते. त्याचे उदाहरण म्हणजे ‘तारा’ ही १८६३ मध्ये प्रसिद्ध झालेली त्याची तीन खंडांची कादंबरी. १६५७, १७५७ आणि १८५७ अशा शंभर-शंभर वर्षांच्या टप्प्यांवर त्याने तीन कादंबऱ्या बेतल्या: ‘तारा’, ‘राल्फ डार्नेल’ आणि ‘सीता’. पहिलीची नायिका तुळजापूरच्या शास्त्र्यांची बालविधवा मुलगी आहे. तिच्या अंगात भवानी येते आणि ती देवीला वाहिली जाते. अफझलखानाची स्वारी, देवळावरचा हल्ला, खानाच्या मुलाचे तारेवरचे प्रेम, अशी कथा वाढत जाते आणि दोघांच्या विवाहावर संपते. तुळजापूरच्या गल्ल्या, देवळाकडे उतरत जाणाऱ्या पायऱ्या, बालाघाटाच्या कडेवरून दिसणारा खालचा मुलूख, हे सगळे पाहून लिहिलेले आहे. तेथे राहिल्याशिवाय असे लिहिता येत नाही.

पण टेलर तारेला ‘मुरळी’ म्हणतो, आणि आपल्या भागातला वाचक तेथे अडखळतो. मुरळी ही खंडोबाची. तुळजाभवानीच्या सेवेत आराधी असतात, गोंधळी असतात, भुत्ये असतात. कवड्यांची माळ असते, पोत असतो. मग तुळजापूरच्या देवळात मुरळी आली कोठून? माझा तर्क असा की ती नळदुर्गहून आली. नळदुर्गजवळ मैलारपूरला खंडोबाचे मोठे ठाणे आहे. अणदूर आणि नळदुर्ग या दोन गावांत देव आळीपाळीने मुक्कामाला असतो आणि यात्रेला वाघ्या-मुरळ्यांचा मेळा जमतो. किल्ल्यात राहणाऱ्या साहेबाने मुरळ्या पाहिल्या त्या बहुधा तेथे. पुढे आयर्लंडमध्ये बसून कादंबरी लिहिताना त्याने एका देवाच्या दारातले माणूस उचलून दुसऱ्या देवाच्या दारात ठेवले. चित्रकार हे नेहमी करतो. डावीकडचे झाड चौकट भरावी म्हणून उजवीकडे घेतो. झाडाचे त्यात काही बिघडत नाही. पण मुरळी आणि आराधीण यांची आयुष्ये वेगळी, व्रते वेगळी, गाणी वेगळी. त्यांची सरमिसळ झालेली कादंबरी जेव्हा इंग्रजी वाचकाला तुळजापूरची एकमेव ओळख म्हणून मिळते, तेव्हा तो बारीकसा फेरफार बारीक राहत नाही.

टेलरच्या काळातच दख्खनच्या इमारती नोंदवून ठेवण्याचे मोठे काम सुरू झाले होते. १८६६ मध्ये विजापूरच्या वास्तुकलेवर एक भव्य ग्रंथ निघाला. त्यातला ऐतिहासिक मजकूर टेलरचा आणि वास्तूंवरील टिपणे जेम्स फर्ग्युसनची. छायाचित्रे आणि रेखाटने इतरांची होती. त्याच्या मुखपृष्ठावर कॅप्टन हार्ट, कमिंग, कर्नल बिग्ज अशी नावे दिली आहेत आणि त्यांच्यासोबत नुसता ‘देशी नक्षानवीस’ असा उल्लेख आहे. ते किती होते, कोठले होते, कोणाच्या हाताखाली शिकले होते, याचा पत्ता नाही. इमारत मापायची, कागदावर उतरवायची, कमानीची वेलबुट्टी जशीच्या तशी काढायची, हे काम त्यांचे. टेलर सनदी नोकरीबाहेर राहिला म्हणून आयुष्यभर हळहळला, पण मुखपृष्ठावर त्याचे नाव आहे. या नक्षानविसांना तेवढेही मिळाले नाही.

पुढच्या पिढीत हे काम पुरातत्त्व खात्याकडे गेले. जेम्स बर्जेसने १८७८ च्या आपल्या अहवालात धाराशिवच्या लेण्यांची नोंद केली. १९०१ मध्ये जे. एफ. फ्लीटने तेर म्हणजेच प्राचीन तगर असे प्रतिपादन केले आणि लगोलग हेन्री कझेन्सने तेरची पाहणी करून १९०२-०३ च्या वार्षिक अहवालात सविस्तर लेख लिहिला. त्रिविक्रमाचे मंदिर मुळात विटांचे चैत्यगृह होते, हे त्याने दाखवून दिले. गावकरी ज्याला पिढ्यान्‌पिढ्या देऊळ म्हणून नमस्कार करत आले, त्या वास्तूचे वय त्यामुळे कितीतरी शतके मागे गेले. कझेन्सच्या लेखनात टेलरची रसाळता नाही. त्याच्याकडे कॅमेरा, टेप आणि आराखडा आहे, आणि म्हणूनच त्याच्यात मुरळीसारखी गफलत सापडत नाही.

परंतु टेलर असो की कझेन्स, त्यांच्या कामाची फळे जिल्ह्याबाहेर गेली. चित्रे लंडनला छापली गेली, अहवाल कलकत्त्याहून निघाले. सुरापूरच्या परिसरात टेलरने उकरलेल्या शिळावर्तुळांवरचा त्याचा निबंधही डब्लिनच्या रॉयल आयरिश अकादमीत वाचला गेला. पाहिलेले सगळे निघून गेले. मग येथे राहिले काय?

त्याचे उत्तर तेरला आहे. तेरणा नदीच्या काठी असलेल्या या गावात पांढरीच्या टेकाडांवर पावसाळ्यानंतर मणी, नाणी, खापरे, मातीच्या बाहुल्या उघड्या पडत. पोरे त्यांच्याशी खेळत. गावचेच रहिवासी रामलिंगप्पा लामतुरे यांनी या वस्तू जमवायला सुरुवात केली आणि आयुष्य त्यात घातले. सातवाहनांची नाणी, शंखाच्या बांगड्या, दुहेरी साच्यातून काढलेल्या पांढऱ्या मातीच्या मूर्ती, रोमन नाण्यांच्या छापावरून केलेली मातीची पदके, असा वीस हजारांहून अधिक वस्तूंचा संग्रह उभा राहिला. आज त्यांच्या नावाचे शासकीय संग्रहालय गावात आहे. ब्रिटिश म्युझियमचे अभ्यासक डग्लस बॅरेट यांनी १९६० मध्ये तेरवर पुस्तक लिहिले, तेव्हा त्यांना या संग्रहाकडे यावे लागले. टेलरच्या काळी आपला जिल्हा पाहायचा तर विलायतेतले पुस्तक उघडावे लागे. शंभर वर्षांनी विलायतेतला विद्वान तेरच्या एका घरातल्या वस्तू पाहायला आला.

या संग्रहातली हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती जगाला माहीत आहे. तिची बहीण शोभावी अशी मूर्ती १९३८ मध्ये इटलीत पॉम्पेईच्या उत्खननात मिळाली. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या एका घरात ती होती. त्या घरालाही आता ‘भारतीय मूर्तीचे घर’ असेच म्हणतात. तिची घडण कोठली यावर विद्वानांत मतभेद आहेत. तेर आणि भोकरदन येथील मूर्तींशी असलेले साम्य काहींना निर्णायक वाटते, तर तिच्या तळाशी असलेल्या खरोष्ठी अक्षरामुळे काहींची नजर वायव्येकडे जाते. पण ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर सांगितले आहे. तेथले कापड गाड्यांवर लादून भडोचला जाई, आणि भडोचहून हस्तिदंत पश्चिमेला निर्यात होई. ही वाट तर खरी आहे. दख्खनची वस्तू हौसेने घरात ठेवणारा पहिला पाश्चात्त्य संग्राहक शोधायचा, तर त्या पॉम्पेईच्या घरमालकापर्यंत मागे जायला हवे. टेलर त्याच्या अठराशे वर्षे नंतरचा.

टेलर १८६० मध्ये प्रकृती खालावल्याने मायदेशी गेला. १८७५ मध्ये सालारजंगांच्या निमंत्रणावरून तो पुन्हा हैदराबादला आला आणि परतीच्या वाटेवर १३ मे १८७६ रोजी फ्रान्समध्ये मांतों येथे वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या मुलीने त्याचे आत्मचरित्र प्रसिद्ध केले. त्याच्यावर आकस धरावा असे मला वाटत नाही. त्याने नळदुर्ग पाहिला, मापला आणि मनापासून लिहिला. पण त्याचे लिहिणे प्रमाण मानताना एवढे लक्षात ठेवावे, की दगडापाशी तो काटेकोर आहे आणि माणसापाशी कादंबरीकार.

लामतुऱ्यांनी ग्रंथ लिहिला नाही, चित्र काढले नाही. त्यांनी वस्तू जिथली तिथे ठेवली. नळदुर्गला मात्र असे कोणी लाभले नाही. टेलरच्या चित्रांच्या आणि वर्णनाच्या छापील प्रती किल्ल्यात लावायला फार खर्च येणार नाही. शेजारी मराठीत चार ओळी असाव्यात आणि त्यांत मुरळी कोणाची नि आराधीण कोणाची हेही सांगावे. विजापूरच्या त्या नक्षानविसांची नावे आता मिळणे कठीण, तेरची मूर्ती कोरणाऱ्या कारागिराचे तर अशक्यच. गोळा करणाऱ्याचे नाव तेवढे आपण राखू शकलो. तेरच्या संग्रहालयाच्या दारावर ते मराठीत लिहिलेले आहे.